सहा फूट : पॅरिसमधील एका अप्रोचचा आणि उपग्रह दिशादर्शनाच्या परिभाषेचा अभ्यास

२३ मे २०२२ रोजी दुपारी स्टॉकहोमहून निघालेले एक एअरबस ए-३२० प्रवासी विमान पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाकडे खाली येत होते. विमानतळावर पावसाच्या सरी कोसळत होत्या आणि ढग बरेच खाली उतरलेले होते. ज्या धावपट्टीवर उतरायचे होते त्या २७ उजव्या धावपट्टीची आयएलएस ही जमिनीवरून रेडिओकिरण पाठवून विमानाला धावपट्टीपर्यंत आणणारी यंत्रणा त्या दिवशी बंद होती. त्यामुळे वैमानिकांनी उपग्रहांवर आधारलेला आरएनपी अप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे उतरत जाण्याचा ठरलेला मार्ग, घेतला आणि त्याच्या नकाशातील ‘एलनॅव्ह/व्हीनॅव्ह’ या ओळीवर दिलेली किमान उंची आपली मर्यादा म्हणून ठरवली. काही मिनिटांनी हे विमान धावपट्टीच्या सुरुवातीच्या टोकापासून सुमारे ०.८ सागरी मैल अलीकडे, म्हणजे जवळपास दीड किलोमीटर आधी, जमिनीपासून अवघ्या सहा फुटांवर होते. चाकांखाली धावपट्टी नव्हती आणि वैमानिकांना बाहेर काही दिसत नव्हते.

धावपट्टी न दिसल्याने त्यांनी अप्रोच सोडून पुन्हा वर चढण्याचा, म्हणजे गो-अराउंडचा, निर्णय घेतला आणि विमान वाचले. सहा फूट हा आकडा विमानातल्या रेडिओ अल्टिमीटरच्या, म्हणजे खालच्या जमिनीपासूनची उंची थेट मोजणाऱ्या उपकरणाच्या, नोंदीतून, फ्रान्सच्या बीईए या अन्वेषण संस्थेच्या तपासात पुढे आला. वैमानिकांसमोरचा पडदा मात्र त्या क्षणापर्यंत विमान अगदी योग्य उतरत्या मार्गावर असल्याचेच दाखवत होता.

या प्रकरणाचा अभ्यास करताना एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. त्या दिवशी उपग्रहांकडून काहीही चुकले नव्हते. संकेतांत कोणी अडथळा आणला नव्हता, खोटे संकेत पाठवले नव्हते, विमानातला रिसीव्हरही नादुरुस्त नव्हता. चूक हवेच्या दाबाच्या एका आकड्यात होती. पण ती चूक इतका वेळ लपून का राहिली, हे समजून घ्यायचे तर उपग्रह दिशादर्शनात रोज वापरले जाणारे शब्द एकेक करून उघडून पाहावे लागतात. त्यांपैकी काही शब्द आपल्याला वाटते त्यापेक्षा कमी हमी देतात, आणि ती कमी नेमकी कुठे आहे हे नकाशावर लिहिलेले असूनही डोळ्यांना चटकन दिसत नाही.

चुकीचा आकडा

समुद्रसपाटीवरच्या दाबाशी जुळवून विमानाच्या अल्टिमीटरमध्ये, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या उपकरणात, जो दाब भरला जातो त्याला क्यूएनएच म्हणतात. तो भरला की अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. त्या दुपारी पॅरिसचा खरा क्यूएनएच १००१ हेक्टोपास्कल होता. नियंत्रकाने खाली येण्याची परवानगी देताना तो १०११ असा सांगितला, वैमानिकांनी तसाच परत उच्चारला आणि तसाच अल्टिमीटरमध्ये भरला. विमानतळाच्या ध्वनिमुद्रित हवामान-सूचनेत १००१ हा बरोबर आकडा होता आणि तो वैमानिकांनी आधी घेतलेला होता, परंतु नंतर ऐकलेल्या आकड्याशी त्याची तुलना झाली नाही.

इथे एक तपशील जवळून पाहण्यासारखा आहे. त्याच सुमारास नियंत्रकाने दुसऱ्या एका विमानालाही १०११ असेच सांगितले होते. त्या वैमानिकांनी उत्तरादाखल १००१ असे उच्चारले, म्हणजे त्यांच्याकडे बरोबर आकडा होता आणि तोच त्यांच्या तोंडून आला. हा फरक नियंत्रकाच्या लक्षात आला नाही. फ्रेंचमध्ये बोलणाऱ्या एका विमानाला मात्र १००१ हाच आकडा दिला गेला. एकाच रेडिओ लहरीवर काही मिनिटांत बरोबर आणि चूक असे दोन्ही आकडे हवेत होते. इंग्रजीत हे आकडे अंकाअंकाने उच्चारले जातात आणि ‘वन झिरो झिरो वन’ व ‘वन झिरो वन वन’ यांत फक्त एका अंकाचा फरक पडतो. ज्याला फ्रेंच कळत नाही त्याला दुसऱ्या विमानाला दिलेला बरोबर आकडा ऐकू येऊनही उपयोग नाही.

दाबातला एक हेक्टोपास्कल म्हणजे कमी उंचीवर साधारण २८ फूट. म्हणून दहा हेक्टोपास्कलची चूक सुमारे २८० फुटांची ठरते. खऱ्यापेक्षा जास्त दाब भरला की अल्टिमीटर खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो, म्हणजेच विमान दिसते त्यापेक्षा खाली असते. हा नियम प्रत्येक वैमानिकाने पहिल्या वर्षी शिकलेला असतो. इतकी प्राथमिक चूक आधुनिक विमानात उतरण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचते कशी, हा या प्रकरणाचा खरा प्रश्न आहे.

जीएनएसएस आणि उंचीचा कमकुवत कोपरा

जीएनएसएस हा सर्व उपग्रह-यंत्रणांना मिळून वापरला जाणारा शब्द आहे. अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बेइदो या जगभर सेवा देणाऱ्या चार यंत्रणा त्यात येतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. संकेत पोहोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढायचे आणि अशा अंतरांवरून जागा ठरवायची, हे त्याचे मूळ तत्त्व. तीन अज्ञाते जागेची आणि चौथे रिसीव्हरच्या घड्याळातल्या चुकीचे, म्हणून किमान चार उपग्रह लागतात.

यापुढचा मुद्दा या प्रकरणासाठी महत्त्वाचा आहे. उपग्रह आकाशात कसे पसरलेले आहेत यावर जागेची अचूकता अवलंबून असते आणि त्या रचनेच्या परिणामाला डीओपी म्हणतात. आडव्या पातळीत उपग्रह चारही दिशांना असू शकतात, त्यामुळे एका बाजूची चूक दुसरी बाजू सावरून घेते. उभ्या दिशेत तसे होत नाही, कारण सर्व उपग्रह आपल्या वरच असतात आणि खालून मोजणारा कोणीही नसतो. त्यामुळे उपग्रहांनी दिलेली उंची आडव्या जागेपेक्षा नेहमीच कमी भरवशाची असते. विमान ढगातून धावपट्टीजवळ आणताना ही उंची जशीच्या तशी वापरणे धोक्याचे आहे, हे यंत्रणा रचणाऱ्यांना माहीत होते, आणि त्यातूनच उंचीसाठी दुसरीकडून मदत घेण्याची पद्धत आली.

शिवाय ‘उंची’ हा शब्दच विमानात तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. उपग्रह मूळ गणितात देतात ती पृथ्वीच्या डब्ल्यूजीएस-८४ या गणिती लंबगोलापासूनची उंची. समुद्रसपाटी या लंबगोलाशी सगळीकडे जुळत नाही. काही ठिकाणी ती कित्येक मीटर वर तर काही ठिकाणी खाली असते आणि भारताच्या दक्षिणेकडील समुद्रात हा फरक शंभर मीटरच्याही पुढे जातो. दुसरी उंची दाबावरून मोजलेली आणि तिसरी रेडिओ अल्टिमीटरने खालच्या जमिनीपासून थेट मोजलेली. पॅरिसच्या त्या अप्रोचमध्ये या तीन उंचींपैकी वैमानिकांना आणि स्वयंचालकाला मार्ग दाखवत होती ती फक्त दुसरी.

नकाशावरच्या तीन ओळी

आरएनपी अप्रोचच्या नकाशाच्या तळाशी किमान उंचींचा तक्ता असतो. पूर्वी याच नकाशांच्या शीर्षकात आरएनएव्ही असे लिहिले जाई. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवल्याप्रमाणे ते नाव बदलून आरएनपी झाले, तरी बोलताना अनेक जण अजूनही ‘जीपीएस अप्रोच’ म्हणतात. माझ्या मते या बोलीतल्या नावाने नुकसान केले आहे, कारण ‘जीपीएस अप्रोच’ म्हटले की सर्व काही उपग्रहांकडून येते असा समज मनात घट्ट बसतो. तक्ता मात्र वेगळे सांगतो.

सर्वांत साधी ओळ एलनॅव्ह. यात उपग्रह फक्त आडवा मार्ग देतात, म्हणजे विमान मध्यरेषेच्या डावीकडे आहे की उजवीकडे एवढेच. किती उतरायचे हे वैमानिकाने अल्टिमीटरवरून सांभाळायचे आणि ठरलेल्या किमान उंचीखाली धावपट्टी दिसल्याशिवाय जायचे नाही. या किमान उंचीला एमडीए म्हणतात.

दुसरी ओळ एलनॅव्ह/व्हीनॅव्ह. नावात तिरपी रेघ घालून दोन शब्द जोडले आहेत आणि त्यांचे उगम वेगवेगळे आहेत. एलनॅव्हचा भाग उपग्रहांकडून येतो. व्हीनॅव्हचा, म्हणजे उभ्या मार्गाचा, भाग बहुसंख्य प्रवासी विमानांत वायुदाबावरून तयार केला जातो आणि म्हणून त्याला बॅरो-व्हीनॅव्ह हे नाव आहे. विमानातला संगणक धावपट्टीच्या टोकापासून साधारण तीन अंशांची एक कल्पित उतरण मागे आखतो, आपल्या आडव्या जागेवरून ‘इथे उंची किती असायला हवी’ ते काढतो आणि अल्टिमीटरच्या उंचीशी ताडून फरक पडद्यावर दाखवतो. इथे एमडीएऐवजी डीए, म्हणजे निर्णयाची उंची, असते. तिथे पोहोचेपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर लगेच वर चढायला सुरुवात करायची.

तिसरी ओळ एलपीव्ही. हिच्यासाठी एसबीएएस लागते. एसबीएएस म्हणजे जमिनीवरच्या, नेमकी जागा आधीच मोजलेल्या केंद्रांनी उपग्रहांच्या चुका तपासायच्या आणि दुरुस्ती व इशारे भूस्थिर उपग्रहामार्फत विमानापर्यंत पोहोचवायचे अशी यंत्रणा. अमेरिकेची डब्ल्यूएएएस २००३ पासून आणि युरोपची एग्नॉस २०११ पासून विमानवाहतुकीच्या सुरक्षेसाठी वापरात आहे. भारताची यंत्रणा गगन. २७ एप्रिल २०२२ रोजी, पॅरिसच्या या घटनेच्या जेमतेम महिनाभर आधी, राजस्थानातील किशनगढ विमानतळावर एका एटीआर-७२ विमानाने गगनच्या साहाय्याने एलपीव्ही अप्रोच केला होता. एलपीव्हीत उभा मार्गही उपग्रहांच्या भूमितीवरून येतो, हवेच्या दाबाचा त्याच्याशी संबंध नाही. पॅरिसच्या आकाशात एग्नॉस उपलब्ध आहे, पण त्या ए-३२० मध्ये ते वापरणारी उपकरणे नव्हती. म्हणून वैमानिक दुसऱ्या ओळीवर होते.

तिन्ही ओळी एकाच कागदावर, एकाच शीर्षकाखाली छापलेल्या असतात. पडद्यावरही एलपीव्ही आणि बॅरो-व्हीनॅव्ह यांतला उतार दाखवणारी खूण जवळपास सारखीच दिसते. वैमानिकाच्या डोळ्यांना फरक जाणवत नाही, तो फरक त्याला शब्दावरूनच लक्षात ठेवावा लागतो.

खूण मधोमध का राहिली

आता पडद्याच्या उजव्या बाजूची ती लहानशी खूण जवळून पाहू. ती मधोमध असेल तर विमान उतारावर आहे, वर सरकली तर विमान मार्गाच्या खाली आहे. त्या दिवशी ती मधोमधच होती. कारण संगणकाने आखलेला उतार समुद्रसपाटीपासूनच्या आकड्यांत आहे आणि विमानाची उंचीही त्याच अल्टिमीटरमधून, त्याच १०११ वरून येत आहे. अल्टिमीटर २८० फूट जास्त दाखवतो, म्हणून विमानाला खाली आणले जाते, आणि अल्टिमीटरचा आकडा आखलेल्या आकड्याशी जुळला की खूण मधोमध येते. सगळी उतरण जशीच्या तशी, समांतर, २८० फूट खाली सरकलेली असते. विमानाला उतारावर ठेवणारी आणि तो उतार तपासणारी उंची एकाच चुकीवर उभी असल्यामुळे फरक शून्य येतो.

आकड्यांत पाहिले तर हे जास्त अंगावर येते. तीन अंशांच्या उतारावर दर सागरी मैलाला सुमारे ३१८ फूट उंची कमी होते आणि धावपट्टीच्या टोकावर विमान साधारण ५० फुटांवर असावे अशी आखणी असते. म्हणून टोकापासून ०.८ सागरी मैलावर धावपट्टीच्या पातळीपासून सुमारे ३०५ फूट उंची हवी. त्यातून २८० वजा केले की उरतात २५. गो-अराउंड सुरू केल्यावरही जड विमान चढू लागण्यापूर्वी काही फूट खाली जातेच आणि जमीनही सगळीकडे सारखी सपाट नसते. रेडिओ अल्टिमीटरवरचे सहा फूट या हिशेबाशी जुळतात. ढग आणखी थोडे वर असते तर जमीन वेळेत दिसली असती. निर्णयाची उंची आणखी थोडी कमी असती तर गो-अराउंडला जागा उरली नसती.

वैमानिकांना शिकवलेली एक तपासणी इथे आठवते. नकाशावर अंतर आणि त्या अंतरावरची अपेक्षित उंची असा तक्ता दिलेला असतो आणि खाली येताना ती दोन्ही जुळवून पाहायची असतात. आयएलएसमध्ये ही तपासणी फार उपयोगी पडते, कारण तिथला उतार जमिनीवरून आलेल्या किरणाने ठरतो. किरणावर राहूनही अल्टिमीटर २८० फूट जास्त दाखवू लागला, तर ठरलेल्या बिंदूवर आकडा जुळत नाही आणि दाब चुकल्याचे लगेच उघडे पडते. एलपीव्हीतही हेच घडले असते. बॅरो-व्हीनॅव्हमध्ये मात्र ही तपासणी दाबाच्या चुकीपुढे आंधळी आहे, कारण आपण अल्टिमीटर अल्टिमीटरशीच ताडून पाहत असतो. वैमानिकाने तपासणी मनापासून केली, आकडे जुळले आणि त्यामुळे त्याचा खोटा विश्वास वाढला, असे होऊ शकते. मला या प्रकरणातली सर्वांत गंभीर बाब हीच वाटते.

इंटेग्रिटी म्हणजे नेमकी कशाची हमी

उपग्रह दिशादर्शनात चार गुणांची मोजदाद केली जाते: अचूकता, इंटेग्रिटी, सातत्य आणि उपलब्धता. यांतला इंटेग्रिटी हा शब्द वैमानिकांच्या तोंडी सर्वांत जास्त असतो आणि सर्वांत जास्त गैरसमजही त्याच्याविषयी आहे. दिलेली माहिती वापरण्याजोगी राहिली नाही तर ठरलेल्या वेळेत तसा इशारा मिळेल याची खात्री, असा त्याचा अर्थ आहे. मराठीत ‘विश्वासार्हता’ म्हटले की तो अर्थ बराच पसरट होतो, म्हणून मी मूळ शब्दच ठेवला आहे.

इंटेग्रिटी राखण्याचा एक मार्ग म्हणजे आरएआयएम. रिसीव्हर गरजेपेक्षा जास्त उपग्रह घेतो आणि त्यांच्यापैकी कोणी इतरांशी विसंगत बोलत आहे का ते स्वतःच तपासतो. दोष आहे एवढे ओळखायला किमान पाच उपग्रह लागतात. दोष नेमका कोणाचा ते ठरवून त्याला वगळायचे असेल तर किमान सहा लागतात आणि त्या क्षमतेला एफडीई म्हणतात. एसबीएएस असेल तर हीच तपासणी जमिनीवरची केंद्रे करतात आणि निकाल विमानाला कळवतात.

दुसरी जोडी अलर्ट लिमिट आणि प्रोटेक्शन लेव्हल. चूक किती झाली तर इशारा द्यायलाच हवा ती मर्यादा म्हणजे अलर्ट लिमिट, ती प्रक्रियेनुसार ठरलेली असते. एलनॅव्ह अप्रोचसाठी आडवी मर्यादा ०.३ सागरी मैल, म्हणजे सुमारे ५५६ मीटर, आणि एलपीव्हीसाठी ती ४० मीटर. एलपीव्हीला उभी मर्यादाही आहे, ५० मीटर किंवा २०० फुटांपर्यंतच्या निर्णय-उंचीसाठी ३५ मीटर. प्रोटेक्शन लेव्हल म्हणजे त्या क्षणी आपली चूक जास्तीत जास्त किती असू शकते याचा रिसीव्हरने सावधपणे काढलेला अंदाज. हा अंदाज मर्यादेपलीकडे गेला की इशारा येतो, प्रत्यक्ष चूक झालेली असो वा नसो.

या व्याख्यांमध्ये पॅरिसचे प्रकरण ठेवून पाहा. एलनॅव्ह/व्हीनॅव्ह या ओळीवर इंटेग्रिटीची पहारेदारी फक्त आडव्या बाजूला आहे. उभी बाजू दाबावर असल्यामुळे तिच्यासाठी उपग्रहांची कोणतीही अलर्ट लिमिट लागू होत नाही. वैमानिकाने भरलेला क्यूएनएच खरा आहे की नाही हे आरएआयएमला कळण्याचा मार्गच नाही. म्हणून त्या दिवशी रिसीव्हरने इशारा दिला नाही यात त्याची काही चूक नव्हती. विमान मध्यरेषेवर होते, आडवी इंटेग्रिटी शाबूत होती आणि त्याच वेळी ते मार्गाच्या २८० फूट खाली होते. ही तिन्ही वाक्ये एकाच वेळी खरी होती.

आरएनपी या शब्दाचेही असेच आहे. आरएनएव्हीपेक्षा आरएनपी वेगळे ठरते ते विमानातच कामगिरीवर देखरेख आणि इशारा देण्याची सोय असल्यामुळे. आरएनपीपुढचा आकडा सागरी मैलांत असतो आणि प्रवासाच्या किमान ९५ टक्के वेळात विमान ठरलेल्या मार्गापासून तेवढ्या अंतरात असले पाहिजे असे तो सांगतो. आरएनपी अप्रोचच्या अंतिम टप्प्यात हा आकडा ०.३ असतो. तो आडव्या अंतराचा आकडा आहे. त्यात उंचीविषयी एक अक्षरही नाही.

एलपीव्ही असती तर

एलपीव्ही असती तर सगळे सुरळीत झाले असते, असे सरळ म्हणता येणार नाही. उतार भूमितीवर असल्याने विमान धावपट्टीकडे जाणाऱ्या खऱ्या मार्गावर राहिले असते, हे निश्चित. परंतु निर्णयाची उंची एलपीव्हीतही अल्टिमीटरवरच वाचली जाते. क्यूएनएच १०११ राहिला असता तर वैमानिकांनी निर्णय खऱ्या निर्णय-उंचीच्या २८० फूट खाली जाऊन घेतला असता, म्हणजे न दिसणाऱ्या धावपट्टीच्या फार जवळ. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की ती धावपट्टी समोर असती, आणि आधीच्या ठरलेल्या बिंदूवर अल्टिमीटरचा न जुळणारा आकडा त्यांना सावध करू शकला असता.

बॅरो-व्हीनॅव्हची दुसरी मर्यादा तापमानाची. हवा प्रमाण तापमानापेक्षा थंड असेल तर ती आकुंचन पावते आणि विमान अल्टिमीटर दाखवतो त्यापेक्षा खाली असते. दर दहा अंशांमागे हा फरक सुमारे चार टक्के धरतात. म्हणून एलनॅव्ह/व्हीनॅव्हच्या नकाशावर किमान तापमान छापलेले असते, त्याखाली ती ओळ दुरुस्तीशिवाय वापरता येत नाही. हवा जास्त थंड असणे आणि दाब चुकीचा भरणे हे एकाच यंत्रणेचे दोन कच्चे दुवे आहेत. पहिल्यासाठी नकाशावर आकडा छापलेला असतो, दुसऱ्यासाठी छापता येईल असा आकडाच नाही.

इशारा आला तो जमिनीवरून

नियंत्रकांच्या रडारवर एमएसएडब्ल्यू नावाची सोय असते. विमान त्या जागी अपेक्षित असलेल्या किमान उंचीखाली जात आहे असे दिसले की नियंत्रकाला इशारा मिळतो. विमानातून रडारकडे जाणारी उंची प्रमाण दाबावर मोजलेली असते आणि तिला खऱ्या दाबाची दुरुस्ती जमिनीवरचा संगणक लावतो, म्हणून वैमानिकाने अल्टिमीटरमध्ये काय भरले आहे याने तिला फरक पडत नाही. पॅरिसमध्ये हा इशारा उमटला आणि काही सेकंदांनी नियंत्रकाने तो रेडिओवरून सांगितला. पण तोपर्यंत विमान जमिनीच्या अगदी जवळ होते. दर सेकंदाला बारा-तेरा फूट उतरणाऱ्या विमानासाठी दहा सेकंद म्हणजे सव्वाशे फूट होतात.

अल्टिमीटरमध्ये वैमानिकाने भरलेला दाब आजची बरीच विमाने मोड-एस या रडार-संदेशातून जमिनीवर पाठवतात. तो खऱ्या क्यूएनएचशी ताडून पाहणारा साधा कार्यक्रम नियंत्रकाच्या पडद्यावर असेल तर १०११ हा आकडा विमान हजारो फूट वर असतानाच लाल होऊ शकतो. माझ्या मते या प्रकरणातून निघणारी ही सर्वांत ठोस सुधारणा आहे, कारण ती माणसाच्या कानावर अवलंबून नाही. युरोपीय विमान सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये चुकीच्या दाबमांडणीविषयी सुरक्षा-पत्रकही काढले.

विमानात मात्र आजही काम शब्दांनीच चालते. अप्रोचपूर्वीच्या उजळणीत ‘आरएनपी, २७ उजवी, एलनॅव्ह/व्हीनॅव्ह’ एवढे म्हणून वैमानिक पुढे जातात, तेव्हा उभ्या मार्गाचा उगम कुठे आहे हे वाक्यात येत नाही. तिथे ‘उतार दाबावर आहे, क्यूएनएच दोन स्वतंत्र ठिकाणांहून पडताळला’ असे दोघांनी एकमेकांना म्हणणे मी विद्यार्थ्यांना सक्तीचे करेन. दोन स्वतंत्र ठिकाणे म्हणजे हवामान-सूचना आणि नियंत्रक. एकाच माणसाने दोनदा सांगितलेला आकडा स्वतंत्र नव्हे. आकडा एकदम काही हेक्टोपास्कलने बदललेला दिसला तर तो हवामानाने बदलला की बोलण्यात, हे विचारायला एक वाक्य पुरते. उपग्रहांची उंची दाखवणारे पान ज्या विमानात सहज उघडता येते तिथे कमी उंचीवर अल्टिमीटरशी तिची तुलनाही उपयोगी आहे. तापमानामुळे त्या दोन्हींत थोडा फरक राहणारच, पण २८० फुटांचा फरक तापमानाच्या नावावर खपून जाणार नाही. रेडिओ अल्टिमीटर जमीन प्रत्यक्ष मोजतो, म्हणून धावपट्टीपासूनचे अंतर आणि त्याचा आकडा यांची जोडी सपाट प्रदेशात लक्षात ठेवणे शक्य आहे. तीन मैलांवर साधारण हजार फूट. तिथे तो सातशे दाखवू लागला तर प्रश्न पडायलाच हवा.

गो-अराउंडनंतर वैमानिकांनी वळसा घेऊन पुन्हा त्याच धावपट्टीचा अप्रोच सुरू केला. आधी आपण जमिनीपासून सहा फुटांवर होतो हे त्यांच्या ध्यानात आलेले नव्हते आणि अल्टिमीटरमध्ये १०११ हाच दाब कायम होता, त्यामुळे उतरणही पुन्हा २८० फूट खाली सरकलेलीच होती. या वेळी ढगाखाली येताच धावपट्टी दिसली, बाजूच्या उतारदर्शक दिव्यांवरून आपण खाली असल्याचे कळले, वैमानिकांनी मार्ग सावरला आणि विमान सुखरूप उतरले.